वन-माओचा आवाज कुणी दिला?

१

फू छाय-यिंग आजींना नवऱ्याचा फोन आला, तेव्हा त्याला जाऊन चौदा महिने झाले होते.

बुधवारची दुपार. आजी ओट्यापाशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी फोन उचलला. पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आला आणि मग शब्द आले, "छाय-यिंग, मी वन-माओ. गुडघे कसे आहेत?"

आजी खुर्चीवर बसल्या. आवाज सांगत होता की गुडघ्यांसाठी एक चांगलं औषध निघालं आहे, उद्या एक माणूस घेऊन येईल, त्याच्याकडून घे. दुसऱ्या दिवशी माणूस आला आणि आजींनी गोळ्यांचे सहा खोके घेतले. शुक्रवारी त्या देवळात गेल्या असताना पुन्हा फोन आला. तो मात्र घरातल्या निरोपाच्या यंत्रात उतरला.

शनिवारी आजी ते यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या खोलीवर आल्या. तंबाखूच्या एका बंद कोठाराशेजारी आमची खोली आहे. 'ङाय कोंग'ची माणसं दर शनिवारी तिथे जमतात. 'ङाय कोंग' म्हणजे 'मी बोलतो'. आमची हक्का भाषा फोनवर लिहिता यावी, आणि एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की तो गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकू यावा, एवढंच आमचं सॉफ्टवेअर करतं. ते फुकट आहे. त्याचा कोड उघडा आहे, कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा.

आजींनी बटण दाबलं. वन-माओ बोलू लागला. तोच खरबरीत गळा, वाक्याआधी घसा साफ करायची तीच सवय. मेलेल्या माणसाच्या गळ्यात हात घालून कुणी तरी त्याला बोलतं केलं होतं, आणि तेही गोळ्या विकायला.

"आजी, तुम्हाला खरं वाटलं?" त्सेंग काकांनी विचारलं.

"मी काय वेडी आहे? त्याला शवपेटीत मीच निजवलं," आजी म्हणाल्या. "पण बावन्न वर्षांत त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. एकदा मागितलं, तर नाही कसं म्हणू?"

वन-माओच्या तोंडचे सुटे शब्द सगळ्या जगाला ऐकता येत होते, पण सुट्या शब्दांतून असा सलग बोलणारा माणूस उभा राहत नाही. आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्राला त्याच्या टिपलेल्या चार तासांच्या गप्पा लागतात. त्या गप्पा आमच्या हिशेबी एकाच ठिकाणी होत्या, आमच्या कुलूपबंद साठ्यात. त्याच्या किल्ल्या, म्हणजे संगणकात ठेवायचे गुप्त संकेत, चौघांकडे होत्या आणि त्यांतले तिघे त्या क्षणी खोलीत होते.

२

शोध माझ्याकडे आला, कारण माझ्याकडे किल्ली नव्हती.

मी चुंग यू-ची. काओश्युंग शहरातल्या एका वर्तमानपत्रात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली आणि निवृत्त होऊन गावी परतले. 'ङाय कोंग'ची शब्दसूची मी तपासते. कागदावर, लाल पेन्सिलीने. माझी खूण झाल्याशिवाय कुठलाही शब्द बाहेर जात नाही.

किल्लीवाले चौघे असे. पहिले ल्यू थिंग-क्वांग, शाळेत संगणक शिकवणारे. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच हे सुरू केलं. दुसरे त्सेंग काका, निवृत्त पोस्टमास्तर. ते शब्द टंकायचे आणि म्हाताऱ्यांची संमतिपत्रं सांभाळायचे. तिसरी फंग यी-शान. ती वाचनालयात नोकरी करते आणि घरोघरी जाऊन आवाज टिपते. चौथा कू ली-होंग, उत्तरेकडच्या शिंचूचा इंजिनियर, जो त्या शनिवारी आला नव्हता.

ली-होंगला येऊन वर्ष झालं असेल. तो येण्याआधी आम्ही नऊ जण होतो. तो म्हणाला, "नुसत्या कोडने काही होत नाही, माणसं जोडावी लागतात." नव्या येणाऱ्याला तो स्वागताचं पत्र लिहायचा, स्वल्पविराम दुरुस्त करणाऱ्याचंही नाव घेऊन आभार मानायचा. आठ महिन्यांत आम्ही चौसष्ट झालो. मला त्याचं फार कौतुक होतं.

तो निरोप मी घरी नेऊन अकरा वेळा ऐकला. अकराव्या वेळी लक्षात आलं की वन-माओ 'औषध' हा शब्द चुकीचा म्हणतो आहे.

आमच्या भाषेत सूर बदलला की शब्द मरतो. 'औषध' जरा वेगळ्या सुरात म्हणा, काहीच अर्थ उरत नाही. वन-माओने तो शब्द सत्तर वर्षं बरोबर म्हटला असणार. पण यंत्राला काय? त्याला सूचीत जो सूर दिला, तो त्याने लावला.

आणि ती चूक माझ्या ओळखीची होती. मी माझी वही काढली. त्सेंग काकांनी 'औषध' तीन मार्चला चुकीच्या सुराने टंकलं होतं. माझ्या लाल खुणेनंतर बारा मार्चला ते दुरुस्त झालं. मधले नऊ दिवस ती चूक कच्च्या सूचीत होती. आणि कच्ची सूची आवाजांच्याच कुलूपबंद साठ्यात असते, ती बाहेर कधीच जात नाही.

म्हणजे चोराने आवाज आणि सूची एकदमच उचलली होती, आणि ती त्या नऊ दिवसांत.

३

त्सेंग काकांकडे गेले तर ते आधीच चिडून बसलेले.

"चुंग बाई, मी म्हणतच होतो. सगळं उघडं ठेवा म्हणे. घर उघडं ठेवलं की कुत्री शिरणारच."

"कोड उघडा आहे, काका. आवाज कुलपात होते."

"मग माझ्याकडे का बघता?"

"वन-माओचं संमतिपत्र बघायचं आहे."

काकांनी तीन फायली काढल्या, परत ठेवल्या, चहा ओतला, तो प्यायले नाहीत. मी वाट पाहत राहिले. शेवटी त्यांनी गादीखालून एक पाकीट काढलं. संमतिपत्रावर वन-माओची सही होती, आणि तारीख त्याच्या मरणानंतर सहा दिवसांची.

"सही राहून गेली होती," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "आवाज वाया जाऊ नयेत म्हणून मी केली. पोस्टात चाळीस वर्षं लोकांच्या सह्या बघितल्या, जमून गेली."

चाळीस वर्षं ज्याच्या हातून गावाची पत्रं गेली, त्याचे हे हात. ओठाला लावलेला कप मी खाली ठेवला.

पण चोर ते नव्हते. तीन मार्चला तो शब्द टंकून ते सरळ दवाखान्यात दाखल झाले, दुसऱ्या दिवशी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि बारापर्यंत दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. सून चमच्याने भात भरवायची, हे अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं.

यी-शान वाचनालयाच्या मागच्या पायरीवर भेटली. दोन आठवड्यांपूर्वीच तिने 'ङाय कोंग'चं काम सोडत असल्याचं कळवलं होतं, कारण न देता. तेच मला खटकत होतं.

"मावशी, माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा."

"मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तुझी किल्ली कुठे होती?"

"लॅपटॉपमध्ये. आणि लॅपटॉप शेजारच्या छीशानच्या दुरुस्तीच्या दुकानात. आज्यांपैकी एकीने त्यावर सूप सांडलं होतं." तिने पिशवीत शोधून दुकानाची पावती दिली. अठ्ठावीस फेब्रुवारीला दिला, चौदा मार्चला परत.

"मग काम का सोडलंस?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. 'डोंगरवारा' नावाच्या कुणी तिला लिहिलं होतं की तू एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी कशासाठी जातेस ते आम्हाला ठाऊक आहे, तुझ्या आईलाही लवकरच ठाऊक होईल. पुढचं मी इथे लिहीत नाही. वाचून मला तोंड धुवावंसं वाटलं.

"हा डोंगरवारा कोण?"

"तोच, जो ल्यू सरांना वर्षभर छळतोय. तुम्हाला सरांनी सांगितलं नाही?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं.

४

ल्यू सरांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत छापून काढलेली पत्रं होती. एका बाजूला डोंगरवाऱ्याच्या तक्रारी, दुसऱ्या बाजूला ली-होंगची पत्रं.

"छापून कशाला ठेवलीत?"

"ही वाचून मन खराब झालं की ती वाचायचो." त्यांचा चेहरा सहा महिन्यांत पार उतरला होता. शाळेतून त्यांनी रजा घेतली होती. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती.

डोंगरवारा दर दोन-तीन आठवड्यांनी, सगळ्यांना दिसेल अशा पण मी कधी न उघडलेल्या तक्रारींच्या पानावर लिहायचा. एवढी साधी चूक तीन आठवडे पडून आहे. तुला झेपत नसेल तर ज्याला झेपेल त्याला दे. म्हातारे मरताहेत आणि तू झोपतोस. मग आणखी दोघे-तिघे येऊन त्याला दुजोरा द्यायचे. आणि प्रत्येक वेळी, थोड्याच वेळात, ली-होंगचं खासगी पत्र यायचं: मनावर घेऊ नकोस, सर. तू थकला आहेस. थोडे दिवस किल्ली माझ्याकडे दे, विश्रांती घे.

"दिलीत?"

"दोन मार्चला. माझी किल्ली बंद करून सगळा कारभार त्याच्याकडे दिला. पंधराला परत घेतली." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "पण साठ्यात कोण शिरलं याच्या त्या दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्यात. मी शिरलो नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही, चुंग ताई. किल्ली बंद झाली तरी ज्याने कुलूप बनवलं, तो दुसरी किल्ली घडवू शकतो."

त्यांचं खरं होतं. काका आणि यी-शान सुटले. उरले दोघे, एक ज्याने हे सगळं उभं केलं तो, आणि एक ज्याने त्यात माणसं आणली तो.

डबा मी घरी नेला. जेवणाच्या टेबलावर दोन ओळी लावल्या आणि मुद्रितं तपासतात तशी वाचायला बसले, अर्थ सोडून नुसती अक्षरं आणि चिन्हं.

आमच्या लिपीत यादीतल्या शब्दांमध्ये एक वेगळा स्वल्पविराम घालतात, थेंबासारखा. 'आणि'च्या आधी मात्र तो घालत नाहीत. शाळेत शिकवतात, तरी काहींची सवय जात नाही. ली-होंग घालायचा. डोंगरवाराही घालायचा, प्रत्येक वेळी. पण एका थेंबावर कुणाला चोर म्हणता येत नाही.

म्हणून वेळा पाहिल्या. तक्रार आधी, सांत्वन नंतर. दहा मिनिटं, वीस मिनिटं. वीस जोड्यांपैकी एकोणीस तशाच. विसावी सव्वीस फेब्रुवारीची. डोंगरवाऱ्याने लिहिलं होतं, "ल्यू, तू भाषेच्या शवपेटीचा खांदेकरी आहेस." वेळ चार वाजून बत्तीस मिनिटं. आणि ली-होंगचं पत्र, "त्याने तुला शवपेटीचा खांदेकरी म्हटलं ते विसरून जा, सर." वेळ चार वाजून सतरा मिनिटं.

शिवी देण्याआधी पंधरा मिनिटं त्याने तिच्यावर फुंकर घातली होती.

मी उठून चूळ भरली. स्वयंपाकघरात फ्रिजवर मी एक पत्र चुंबकाने लावलं होतं. थाओयुआनच्या सू-छिन नावाच्या मुलीचं. तुमच्या दुरुस्त्यांमुळे मी आजीला तिच्या भाषेत पत्र लिहू शकले, ते तिने वाचलं, ती रडली, असं. माझ्या निवृत्त आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी. तीन ओळी वाचल्या आणि चौथीत 'आणि'च्या आधी तो थेंब दिसला.

५

पुढच्या शनिवारी ली-होंग आला. उत्तरेकडची अननसाची बिस्किटं घेऊन, सगळ्यांना वाकून नमस्कार करत. आजींचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "फार वाईट झालं, आजी. आपण शोधून काढू."

आजींनी हात सोडवून घेतला.

मी वीसही जोड्या टेबलावर मांडल्या आणि विसावीवर बोट ठेवलं.

"घड्याळं पुढेमागे असतात, चुंग ताई," तो शांतपणे म्हणाला.

"एकोणीस वेळा बरोबर, आणि एकदाच मागे गेलं?"

"असेल."

"मग आज चौसष्टांना बोलावलं होतं. दूर असतील त्यांनी नुसता फोन करून आपलं नाव सांगावं, एवढंच म्हटलं होतं. आलेले आणि फोन केलेले, सगळे मिळून एकवीसच झाले. थाओयुआनची सू-छिन कुठे आहे, ली-होंग?"

तो थोडा वेळ बिस्किटांच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"रिकाम्या खाणावळीत कुणी शिरत नाही," तो म्हणाला. "चार टेबलांवर माणसं बसलेली दिसली की पाचवा येतो. मी चार टेबलं भरली. त्यामुळे खरे बारा आले की नाही? तुम्ही नऊच राहिला असतात. म्हातारे होऊन मेला असतात."

"आणि मला?" ल्यू सरांनी विचारलं. "मला कशाला?"

"तू सोडत नव्हतास, सर. तुला सगळं स्वतः करायचं होतं. मी वीस वेळा चांगल्या शब्दांत सांगितलं असतं तरी तू दिलं नसतंस."

"माझी मुलगी विचारायची, बाबा, तुम्ही संगणकासमोर बसून का रडता."

ली-होंगने बोटावरची दोरी सोडली.

"यी-शानला का लिहिलंस?" मी विचारलं.

"ती साठ्यात कोण शिरलं त्याच्या नोंदी तपासत होती." हे तो इतक्या सहज बोलला की यी-शान खुर्ची मागे सरकवून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

आवाज त्याने एका ओळखीच्या माणसाच्या कंपनीला दिले होते. एकट्या म्हाताऱ्यांशी हक्कात गप्पा मारणारं यंत्र करायचं होतं म्हणे. "गोळ्यांचं मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "आणि ङाय कोंग उघडं आहे. कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं, हे तुम्हीच लिहिलंय."

"कोड उघडा आहे," ल्यू सर म्हणाले. "वन-माओचा गळा नाही."

मला वाटलं होतं, पकडला गेल्यावर तो खचेल, निदान लाजेल. तो फक्त नाराज दिसत होता. आपण इतकं केलं आणि या अडाण्यांना कदर नाही, अशी नाराजी. जाताना बिस्किटांचं खोकं टेबलावरच राहिलं. कुणी त्याला हात लावला नाही. संध्याकाळी मी ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं आणि घरी येऊन हात दोनदा साबणाने धुतले.

६

पोलिसांत तक्रार दिली. तो नंबर बंद झाला. गोळ्यांचे खोके पोलीस घेऊन गेले. ल्यू सरांनी त्रेचाळीस खोटी नावं काढून टाकली आणि झालेलं सगळं तक्रारींच्या पानावर खऱ्या नावांनिशी लिहिलं. त्सेंग काकांच्या सहीसकट. काकांनीच तसं करायला सांगितलं, आणि त्यानंतर ते दोन शनिवार आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी आले आणि दाराजवळ बसले.

त्या दिवशी छाय-यिंग आजी पुन्हा आल्या.

"वन-माओला काढून टाका," त्या म्हणाल्या.

ल्यू सरांनी त्यांना समजावलं की दोनशे बारा शब्द असे आहेत, जे फक्त त्याच्याच तोंडून टिपलेले आहेत. तंबाखूच्या शेतीतले, भट्टीतले. आता ते बोलणारं कुणी उरलेलं नाही.

"त्याने सही केली नव्हती," आजी म्हणाल्या. "केलीही नसती. त्याला फोटोसुद्धा काढू द्यायला आवडायचं नाही. ही पोरगी गोड बोलली म्हणून बोलत बसला."

यी-शानने मान खाली घातली. ल्यू सरांनी आजींच्या समोर साठा उघडला आणि चार तास पुसून टाकले. मग सूचीतले दोनशे बारा शब्द मुके केले. आजींना पडद्यावरचं काही कळत नव्हतं, तरी त्या शेवटपर्यंत बघत राहिल्या.

मग त्या आमच्याकडे वळल्या.

"अजून कुणाकडे आहे?"

खोलीत पंखा फिरत होता. आजी उभ्याच राहिल्या.

आधी ल्यू सर उठले. त्यांनी कपाटाच्या तळातून एक काळी डिस्क काढली. आग लागली तर असावी म्हणून ठेवलेली. ती त्यांनी आजींच्या पुढ्यात ठेवली. मग यी-शानने आपल्या पिशवीतून आवाज टिपायचं यंत्र काढलं. "मूळ यातच होतं, आजी. पुसायला हात धजला नाही." त्सेंग काका दाराजवळून उठले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि यी-शानला दिला. तिने त्यातलंही शोधून आजींसमोर पुसलं.

माझ्या पर्समध्ये वन-माओच्या आवाजाची नखाएवढी एक मेमरी-चकती होती. शब्द तपासायला म्हणून यी-शानने दिली होती मागच्या वर्षी. मधल्या तीन आठवड्यांत मला ती परत करायची आठवण झाली होती, एकदा नाही, तीन-चारदा. भाषेसाठी ठेवावी, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ल्यू सर पुसत होते, तेव्हासुद्धा माझ्या मनात होतं की बरं झालं, माझ्याकडे एक आहे.

दुसऱ्यांच्या हातांची मला किती किळस आली होती. मी पर्स उघडली आणि ती चकती इतरांच्या शेजारी ठेवली.

आजींनी सगळ्या वस्तू भाजीच्या पिशवीत भरल्या. यी-शानचं यंत्रसुद्धा, आणि तिने ते मागितलं नाही.

"यात तो कशाबद्दल बोलतो?" आजींनी तिला विचारलं.

"तंबाखूबद्दल. पुराबद्दल. थोडं तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय?"

यी-शानने आमच्याकडे पाहिलं. "तुमच्या हातचं सूप अळणी असतं म्हणाले. बावन्न वर्षं सांगायचं राहून गेलं म्हणाले."

आजींनी पिशवीची दोन टोकं जुळवली. मग त्यांनी पिशवीची गाठ मारली.

"त्याला रक्तदाब होता," त्या म्हणाल्या. "म्हणून मी मीठ घालत नव्हते."

आणि पिशवी पोटाशी धरून त्या उन्हात चालत घरी गेल्या.